चांदीच्या शिलिंगपासून सुरुवात: जुनी ब्रिटिश नाणी जमवू पाहणाऱ्यांसाठी

माझ्या टेबलावर दोन शिलिंग आहेत, एक १७८७ सालचा आणि एक १८१६ सालचा. दोन्ही तिसऱ्या जॉर्जच्या राजवटीतले. चांदीचा कसही एकच, हजारात ९२५. पण काट्यावर ठेवले की पहिला सहा ग्रॅमच्या आसपास भरतो आणि दुसरा साडेपाचच्या जरासा वर. पूर्वी एक ट्रॉय पौंड चांदीतून, म्हणजे सुमारे ३७३ ग्रॅममधून, ६२ शिलिंग पाडत. १८१६ च्या कायद्यानंतर तेवढ्याच चांदीतून ६६ पाडायला लागले. चलनाचा आधार आता सोनं होतं, त्यामुळे चांदीच्या नाण्यात त्याच्या किमतीइतकी चांदी असायलाच हवी, हे बंधन सुटलं. एवढा मोठा बदल अर्ध्या ग्रॅमहूनही कमी फरकात हाताला कळतो.

म्हणून हा छंद लावून घ्यायचा म्हणून कुणी विचारलं, की मी आधी काटा घ्यायला सांगतो आणि नाणं नंतर. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर. तिन्ही मिळून एका बऱ्या नाण्याच्या किमतीत येतात आणि पुढे अनेक नाण्यांचे पैसे वाचवतात.

जुना हिशेब आणि वजनं

रुपये-आणे-पै ऐकत वाढलेल्यांना हा हिशेब अवघड जाणार नाही. बारा पैंचा आणा असे, तसा बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगचा पौंड. म्हणजे पौंडाला २४० पेन्स. चांदीत मुख्यतः थ्रीपेन्स, सिक्सपेन्स, शिलिंग, दोन शिलिंगचा फ्लोरिन, अडीच शिलिंगचा हाफ क्राऊन आणि पाच शिलिंगचा क्राऊन. हा हिशेब १५ फेब्रुवारी १९७१ ला बंद झाला आणि पौंडाचे शंभर पेन्स झाले.

१८१६ नंतरच्या नाण्यांची वजनं पाठ करून टाका. सिक्सपेन्स २.८३ ग्रॅम, शिलिंग ५.६६, फ्लोरिन ११.३१, हाफ क्राऊन १४.१४, क्राऊन २८.२८. मूल्य दुप्पट तर वजन दुप्पट, इतकं सरळ गणित आहे. झिजलेलं नाणं थोडं कमी भरणार, ते चालतं. जास्त भरलं तर मात्र सावध व्हा.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला पाटावर राणीछाप रुपये मांडायचे. तो रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. ज्यांनी तो लहानपणी हातात धरला आहे त्यांना व्हिक्टोरियाचा फ्लोरिन धरल्यावर ओळखीचं वाटेल. जवळजवळ तेवढाच जड, फक्त किंचित हलका. मला या नाण्यांची गोडी त्या हाताच्या ओळखीतूनच लागली.

दोन सालं, ज्यांच्यावर किंमत ठरते

पहिलं साल १९२०. १९१९ पर्यंतच्या नाण्यांत ९२.५ टक्के चांदी आहे आणि १९२० ते १९४६ मधल्या नाण्यांत ५० टक्के. पहिल्या महायुद्धानंतर चांदी भडकली. एक औंस चांदीतून ६६ पेन्सची नाणी पडत होती, पण १९२० च्या फेब्रुवारीत औंसाचा भाव ८९ पेन्सच्या वर गेला होता. म्हणजे शिलिंग खर्च करण्यापेक्षा वितळवणं फायद्याचं. या चांदीटंचाईत हिंदुस्थानचाही मोठा वाटा होता. युद्धकाळात इथे रुपयाची मागणी इतकी वाढली, की १९१८ मध्ये अमेरिकेने आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवून ब्रिटनला चांदी विकली, ती इथल्या रुपयांसाठी.

दुसरं साल १९४७. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती, म्हणून चलनातल्या नाण्यांतून चांदी पूर्ण गेली आणि तांबं-निकेल आलं. १९४७ चा शिलिंग आणि १९४६ चा शिलिंग चेहऱ्याने भावंडं आहेत. नवखा माणूस इथे हमखास फसतो. साल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की १९१९ पर्यंतच्या शिलिंगमध्ये सुमारे ५.२ ग्रॅम शुद्ध चांदी आहे आणि १९२० ते १९४६ मधल्यात सुमारे २.८. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणलं की नाण्याची मोडीची किंमत निघते. पाचव्या-सहाव्या जॉर्जची झिजलेली साधी नाणी याच भावाच्या आसपास मिळतात. शिकायला तीच घ्या. मूठभर घ्या, हाताळा, वाजवून बघा, कंगोरे मोजा, १९२० नंतरच्या सुरुवातीच्या नाण्यांवर झिजल्यावर येणारी पिवळट-तपकिरी झाक नीट पाहून ठेवा. यात पैसे फारसे बुडत नाहीत, कारण चांदी कुठे जात नाही.

एक धागा धरा

सुरुवातीला सगळंच हवंसं वाटतं, आणि सहा महिन्यांनी डबा भरतो पण संग्रह झालेला नसतो. एक धागा धरावा लागतो. माझा सल्ला शिलिंगचा. सातव्या हेन्रीच्या काळापासून विसाव्या शतकापर्यंत तो चालत आला, आकाराने डोळ्यांना सोयीचा आहे आणि बहुतेक राजवटींत परवडणारा नमुना सापडतो. प्रत्येक राजाराणीचा एक शिलिंग, एवढं ध्येय दोन-तीन वर्षं पुरतं.

त्याहून लहान धागेही आहेत आणि ते जास्त गोड आहेत. १६९६ चा घ्या. त्या वेळी चलनातली जुनी नाणी कडा कातरून कातरून इतकी खंगली होती, की तिसऱ्या विल्यमच्या सरकारने ती सगळी गोळा करून नव्याने पाडायला घेतली. आयझॅक न्यूटन त्याच वर्षी टाकसाळीत वॉर्डन म्हणून रुजू झाला. लंडनच्या टाकसाळीला काम आवरेना म्हणून ब्रिस्टल, चेस्टर, एक्झिटर, नॉर्विच आणि यॉर्क इथे तात्पुरत्या टाकसाळी उघडल्या. राजाच्या मुखवट्याखाली त्या त्या गावाचं आद्याक्षर असतं आणि लंडनच्या नाण्यावर काहीच नसतं. लंडन धरून सहा गावांचे सहा सिक्सपेन्स जमवायचे! यांतले काही तुम्हाला इंग्रजी एससारखे दोनदा वाकवलेले मिळतील. ते खराब नाणं नव्हे. प्रेमिकाने प्रेयसीला द्यायची ती खूण होती, आणि असे सिक्सपेन्स मुद्दाम जमवणारे लोक आहेत.

दुसरा धागा व्हिक्टोरियाचा. जवळजवळ चौसष्ट वर्षांच्या तिच्या राज्यात चांदीच्या नाण्यावरचा चेहरा बदलत गेला: विल्यम वायनने कोरलेली तरुण राणी, १८८७ चा जुबिली चेहरा, म्हणजे राज्याच्या पन्नाशीचा, आणि १८९३ पासूनची डोक्यावरून ओढणी घेतलेली म्हातारी राणी. मधे फ्लोरिनची वेगळीच कथा आहे. १८४९ चा पहिला फ्लोरिन निघाला तेव्हा त्यावर 'देवाच्या कृपेने' हे नेहमीचे शब्दच नव्हते. लोक खवळले आणि त्याला 'देवहीन फ्लोरिन' नाव पडलं. १८५१ पासून गॉथिक फ्लोरिन आला. मुकुट घातलेली, वेणी घातलेली राणी, वळणदार जुनी अक्षरं आणि साल रोमन आकड्यांत. १८७२ लिहायला तिथे दहा अक्षरं लागतात. भिंग लावून ती एकेक उलगडावी लागतात.

जुबिलीच्या सिक्सपेन्सवर मूल्य लिहिलेलं नव्हतं आणि मागची ढाल थेट सोन्याच्या, दहा शिलिंगच्या अर्ध्या सॉव्हरिनसारखी होती. लोकांनी सोन्याचा मुलामा देऊन वीसपट किमतीला तो खपवायला सुरुवात केली, आणि सरकारला त्याच वर्षी मागची बाजू बदलावी लागली. तो 'मागे घेतलेला' सिक्सपेन्स आजही सहज आणि स्वस्त मिळतो, कारण लोकांनी आठवण म्हणून जपून ठेवला.

आपल्यासाठी आणखी एक धागा सुचवतो. १८९३ पासून ब्रिटनच्या नाण्यांवर 'इंड इंप' ही अक्षरं येतात, म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी किंवा सम्राट. ती १९४८ पर्यंत राहिली आणि १९४९ च्या नाण्यांवरून गेली. हा पंचावन्न वर्षांचा पट चार राज्यकर्त्यांच्या शिलिंगमधून मांडता येतो. शेवटचा नमुना अर्थातच चांदीचा नाही. तो शेजारी ठेवताना मला नेहमी थोडं थांबावंसं वाटतं.

इथेच एक गैरसमज दूर करतो. दुसऱ्या चार्ल्सच्या काही नाण्यांवर मुखवट्याखाली छोटा हत्ती असतो. हत्ती पाहून आपण लगेच ईस्ट इंडिया कंपनी म्हणतो, पण ती खूण रॉयल आफ्रिकन कंपनीची आहे, जी पश्चिम आफ्रिकेत सोनं, हस्तिदंत आणि गुलामांचा व्यापार करत होती. मुंबईशी नातं जोडायचं असेल तर १६६८ सालचा शिलिंग शोधा. त्याच वर्षी चार्ल्सने मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली.

हातोड्याची नाणी

१६६२ पासून इंग्लंडची चांदीची नाणी कायमची यंत्रावर पडू लागली. त्याआधीची बहुतेक हातोड्याची: खाली एक ठसा, वर एक ठसा, मधे चांदीची चकती आणि वरून घाव. म्हणून ती कधी पूर्ण गोल नसतात आणि ठसा एका बाजूला सरकलेला असतो. नव्या माणसाला ही फार महाग असतील असं वाटतं. तसं नाही.

पहिल्या एडवर्डची लंडनची पेनी घ्या. १२७९ च्या सुधारणेनंतर ती अमाप पडली, त्यामुळे झिजलेली पण वाचता येणारी पेनी साध्या हॉटेलातल्या दोघांच्या जेवणाच्या खर्चात मिळू शकते. वजन दीड ग्रॅमच्याही आत, नखाएवढी पातळ. एका बाजूला समोर बघणारा राजा, दुसरीकडे कडेपर्यंत पोचणारा लांब क्रूस. कडा कातरली तर क्रूसाची टोकं तुटलेली लगेच दिसावीत, हा त्यामागचा एक हेतू. क्रूसाभोवती गावाचं नाव असतं, लंडन किंवा कँटरबरी. सातशे वर्षांपूर्वीचं गाव आपण स्वतः अक्षर लावून वाचतो, तेव्हा जे वाटतं ते सांगून कळणार नाही. सुट्ट्या पैशांसाठी लोक आधीच्या काळात पेनी त्या क्रूसावरूनच कापत. असे अर्धे आणि चतकोर तुकडेही विकत मिळतात.

११८० ते १२४७ मधल्या आखूड क्रूसाच्या पेनीवर सगळीकडे 'हेन्रिकस' असतं. मधे रिचर्ड आणि जॉन राज्य करून गेले, पण ठशावरचं नाव कुणी बदललं नाही. त्यामुळे जॉनची पेनी ओळखायची तर टाकसाळीतल्या माणसाचं नाव आणि मुखवट्याची घडण पाहावी लागते. हे दुसऱ्या वर्षी करा.

पहिल्या वर्षी पहिल्या एलिझाबेथचा सिक्सपेन्स बरा. त्यावर १५६१ पासून साल आहे आणि राणीच्या डोक्यामागे गुलाब. तिने इतकी जवळजवळच्या मूल्यांची नाणी काढली, की ओळखायला एकाआड एक मूल्यावर गुलाब दिला. शिलिंगवर नाही, सिक्सपेन्सवर आहे, चार पेन्सच्या ग्रोटवर नाही, थ्रीपेन्सवर आहे.

दर्जा ओळखणं, आणि न घासणं

ब्रिटिश पद्धतीत दर्जे खालून वर असे: फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड. 'फाइन' शब्दावर जाऊ नका. फाइन म्हणजे बरंच झिजलेलं, फक्त मुख्य चित्र आणि अक्षरं शाबूत असलेलं नाणं. अमेरिकी कंपन्या सत्तरपैकी गुण देऊन नाणं प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात. महागड्या नाण्याला त्याचा उपयोग आहे, पण सुरुवातीला नाणं हातात घेता आलं पाहिजे.

झीज नेहमी उंच भागावर आधी येते. तरुण व्हिक्टोरियात कानावरचे केस बघा, पाचव्या जॉर्जमध्ये भुवई आणि मिशी. सातव्या एडवर्डच्या फ्लोरिनवर वाऱ्यात उभी असलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं स्त्रीरूप, आहे, द सॉलेसने कोरलेली. माझ्या मते विसाव्या शतकातलं हे सगळ्यात देखणं ब्रिटिश नाणं. तिच्या अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या स्पष्ट दिसत असतील तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. एकूणच, तीन गुळगुळीत नाण्यांऐवजी एक स्पष्ट नाणं घ्या.

आता माझी चूक सांगतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक मराठी घरातून आलेला माणूस करेल. देवाची भांडी चिंच लावून लख्ख करायची सवय आपल्याला. माझा पहिला गॉथिक फ्लोरिन काळसर होता. मी खायच्या सोड्याचा लेप करून तो चोळला. दहा मिनिटांत पांढराशुभ्र झाला. रात्री दिव्याखाली तिरका धरला तेव्हा राणीच्या गालावर एकाच दिशेने गेलेले शेकडो बारीक ओरखडे दिसले. ते आता कधीच जाणार नाहीत. दीडशे वर्षांत चांदीवर जमलेला तो निळा-करडा थर म्हणजे नाण्याची कातडी होती, आणि जाणकार गिऱ्हाईक तीच शोधत असतं. ते नाणं मी विकलं नाही. नव्याने छंद लागलेल्या प्रत्येकाच्या हातात देऊन दिव्याखाली फिरवायला सांगतो. चिंच, सोडा, टूथपेस्ट, चांदी चमकवायचं द्रावण, यांतलं काहीही नको. माती लागली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून ठेवा. प्लॅस्टिकचा हिरवट चिकटपणा आला असेल तर खिडकी उघडून शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवा आणि न पुसता वाळू द्या.

खोटं नाणं

चांदीला चुंबक लागत नाही, एवढी परीक्षा घरीच होते, पण ती पुरेशी नाही, कारण तांब्या-पितळेलाही लागत नाही. वजन, व्यास, जाडी तिन्ही जुळायला हवं. मग कड बघा. ओतीव नकलेत कडेवर बारीक सांधा दिसतो, कंगोरे बोथट असतात आणि सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. जास्त किमतीचं असेल तर पाण्यात तोलून घनता काढा. ९२.५ टक्के चांदीची १०.३ च्या आसपास येते.

काही नाण्यांबाबत संशय हाच नियम ठेवा. १९०५ चा हाफ क्राऊन फक्त १,६६,००८ पाडला होता आणि त्याच्या नकला जुन्या आहेत. १८४७ चा गॉथिक क्राऊन आणि १९२७ ते १९३६ मधले पुष्पचक्राचे क्राऊन यांच्याही भरपूर आहेत. त्यांतला १९३४ चा अवघा ९३२ पाडला होता, तेव्हा तो बाजारातल्या टेबलावर वीस पौंडांना पडलेला नसतो.

कुठे घ्यायचं

पहिली वीसेक नाणी समोरासमोर घ्या. ब्रिटनमध्ये असाल तर बर्मिंगहॅमजवळ नॅशनल मोटरसायकल म्युझियममध्ये मिडलँड कॉइन फेअर भरतो. तिथे सकाळभर नुसतं बघत फिरलं तरी महिन्याचं शिक्षण होतं. पेढी निवडताना ती ब्रिटिश न्यूमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशन या नाणेविक्रेत्यांच्या संघटनेची सभासद आहे का ते पाहा. विकणारा नाणं भिंगाखाली शांतपणे बघू देत नसेल तर उठा. नाण्यासोबत बरेचदा 'एस' अक्षर आणि एक क्रमांक लिहिलेला असतो. तो स्पिंक या लंडनच्या पेढीच्या नाण्यांच्या कॅटलॉगमधला क्रमांक. तो समजला की दोन विक्रेत्यांचा भाव ताडून बघता येतो.

लिलावात बोली लावताना हातोडा पडतो त्या शेवटच्या बोलीवर लिलावगृहाचं कमिशन धरायला विसरू नका. ते बहुधा वीस टक्के किंवा त्याहून जास्त असतं. मेटल डिटेक्टरने सापडलेलं म्हणून कुणी नाणं दाखवलं तर त्याची पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमकडे, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवणाऱ्या तिथल्या योजनेकडे, नोंद झाली आहे का हे विचारा. आणि एकदा तरी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या पैशाच्या दालनात जा. प्रवेश फुकट आहे, आणि अस्सल नाण्याचा रंग डोळ्यांत बसतो.

भारतात राहून मागवणार असाल तर ऑर्डर देण्याआधी कस्टमचा दर विचारून घ्या. उलट दिशेने मात्र कायदा कडक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाहीत. आजीच्या डब्यातले राणीछाप रुपये प्रेमाने बॅगेत टाकून लंडनला आणू नका. ते तिथेच देवघरात राहू द्या.

ठेवण आणि वही

नाणं नेहमी कडेने धरा, तेही खाली मऊ कापड अंथरून. पीव्हीसीचे मऊ पाऊच टाळा, त्यानेच तो हिरवा चिकटपणा येतो. मायलरच्या, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या, खिडकीची पुठ्ठ्याची चौकट किंवा घट्ट बसणारी डबी चांगली. रबर बँड आणि वर्तमानपत्राचा कागद जवळ नको, त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या दोनदा बदला.

वहीत प्रत्येक नाण्याला एक पान द्या: तारीख, कुणाकडून, किती पैसे, वजन, व्यास, एस क्रमांक, दर्जा आणि आपल्याला त्यात काय दिसलं ते दोन ओळींत. १७८७ च्या शिलिंगच्या पानावर मी लिहिलं आहे, 'हॅनोव्हरच्या ढालीत बारीक बदाम आहेत. ६.०१ ग्रॅम.' हॅनोव्हर हे राजाचं जर्मनीतलं राज्य, आणि बदाम म्हणजे पत्त्यांतल्या बदामासारखी खूण. त्या वर्षीच्या शिलिंगचे दोन प्रकार आहेत, बदाम असलेला आणि नसलेला. ढाल नखाहून लहान आहे, बदाम मोहरीहून बारीक. नसलेला मी अजून शोधतो आहे.